लहानू मिस्त्रीचा कोट

रेनकोटच्या दुकानात गेलो की मी आधी पँट मागतो. ती उलटी करतो, दोन्ही पाय जिथे एकमेकांना मिळतात तिथली शिवण उजेडासमोर धरतो आणि दुकानदाराला विचारतो, "ही शिवण इथे कशाला?" दुकानदार माझ्याकडे बघतो, मग माझ्याबरोबर आलेल्या जावयाकडे बघतो. "काका, पँटला शिवण तिथेच असते," असं एखादा समजुतीनं सांगतो. तोवर जावई दुसऱ्या गल्ल्याशी जाऊन उभा राहिलेला असतो. दर जूनमध्ये हे होतं. मोटारसायकल त्याची, भिजणार तो, पण कपडे निवडायला मला नेल्याशिवाय मुलगी ऐकत नाही, कारण तिनं लहानपणापासून लहानू मिस्त्रीचं नाव ऐकलं आहे.

लहानू मिस्त्री बालाघाटचे. एकोणीसशे साठनंतरची पाच-सहा वर्षं मी तिथे गुरांचा डॉक्टर होतो, तेव्हाची ही ओळख. ते ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवत. गोंदियाच्या रस्त्याला जिथे धानाचे आणि मँगनीजचे ट्रक उभे राहत, तिथे एका चिंचेखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर एक ठिगळांची ताडपत्री आणि खाली लाकडाचा एक जाडजूड ओंडका. नाव लहानू, पण माणूस असा उंच की स्वतःच्याच ताडपत्रीखाली त्यांना मान तिरकी करून उभं राहावं लागे. शर्टाच्या खिशात मेणाचा गोळा. उजव्या तळहाताला चामड्याचा पट्टा बांधलेला, त्यात मधोमध लोखंडाची चकती. जाड कापडातून दाभण रेटायला तो पट्टा लागतो. तीस वर्षं तो बांधून त्यांचा उजवा तळहात लाकडासारखा झाला होता. म्हणून ओलं-कोरडं बघायला ते नेहमी डावा हात वापरत. "उजवा मेला हाय जी," असं ते कुणी मेल्याचं दुःख नसावं अशा आवाजात सांगत. "डाव्याले समजते."

मी त्यांच्याकडे पोचलो तो गरजेनं. मी मूळचा आर्वीचा. नोकरी नवी, अजून कच्ची. बालाघाटला रुजू झालो आणि पहिल्याच पावसाळ्यात मला प्लुरसी झाली. मोटारसायकल माझी स्वतःची होती, दुसऱ्याच्या हातची घेतलेली, आणि तिच्यावरून लांजी, किरनापूर, वारासिवनी असा दौरा असे. नागपूरहून मोठ्या दिमाखानं एक रबरी कोट, खालच्या पायजम्यासकट, आणला होता. तो घालून मी दोन महिने रोज भिजलो. छातीत पाणी झालं, महिनाभर पडून राहिलो, आणि उठलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा असं भिजाल तर पुढचं मी बघणार नाही. साहेबांनी कळवलं की पावसाळ्यातला दौरा जमत नसेल तर तसं लिहून द्या. आईनं आर्वीहून पत्र टाकलं की सोड ती नोकरी आणि दादाच्या कापड दुकानात बस. म्हणजे पुढचा पावसाळा कोरडा काढायचा, नाहीतर गादीवर बसून मीटर-मीटर मलमल फाडायची, असा मामला होता. कापड दुकान टाळण्यासाठी मी कापड शोधत हिंडत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एका ट्रक ड्रायव्हरनं मला चिंचेखाली पाठवलं. मे महिना होता. मी माझा रबरी कोट पुढे केला आणि याला कुठे ठिगळ लागेल का, असं विचारलं. मिस्त्रींनी कोटाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"घाला," म्हणाले. "खालचा पायजमा बी घाला. आता त्या ओंडक्यावर बसा. तसे नाही जी. फटफटीवर बसता तसे. हात पुढं धरा."

मी भर उन्हात रबरी कोट घालून ओंडक्यावर मांड टाकून बसलो आणि हवेतलं हँडल धरलं. मिस्त्रींनी ड्रममधून मग भरभरून पाणी घेतलं आणि पाच हातांवरून माझ्या छातीवर फेकायला सुरुवात केली. वरून नाही, समोरून. चार ड्रायव्हर आणि दोन हमाल बघायला जमले. एकानं "डाक्टर साहब, गाडी तीसरे में डालो!" असं म्हटल्यावर मी खरोखरच पाय हलवला. वीसेक मग झाल्यावर मिस्त्री थांबले, डावा हात धोतराला कोरडा पुसला आणि म्हणाले, "हात लावू का जी?"

मी हो म्हटलं. त्यांनी कोटाच्या गळ्यातून हात आत घातला, छातीवर ठेवला, मग बगलेत, मग मनगटात, आणि शेवटी मांडीखाली. प्रत्येक ठिकाणी नाडी बघावी तसा क्षणभर हात थांबायचा.

"कोट खराब नाही," ते म्हणाले. "पन हा पायी चालनाऱ्याचा हाय. उभ्या मानसाच्या वरून पानी येते आन् खाली निघून जाते. तुमी चालता कुठं? तुमी पावसात घुसता. समोरून आलेलं पानी बटनातून आत जाते. आन् जे नाही जात, ते मांडीत येऊन बसते. पाहा, तळं झालं. आन् बरोबर त्या तळ्याच्या बुडाशी शिवण. ट्रकवर बी असंच होते. माल खाली बसला का ताडपत्रीले झोल पडते, झोलात पानी साचते. झोलात शिवण आली का माल गेला."

मग त्यांनी मला एक वाक्य सांगितलं, ते मी पुढे आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो आहे. "पानी अजिबात येनार नाही असं जो म्हनते ना, त्याच्यापासून कोट घेऊ नका. पानी येतेच. ते कुठून जाईन, हे आपन ठरवाव."

त्यांनी ठरवलं ते असं. नवं किरमिच, म्हणजे ताडपत्रीचं जाड कापड, महाग, म्हणून जुन्या ताडपत्रीचं मधलं कापड घ्यायचं. ताडपत्री फाटते ती कडांना, दोरी ओवायच्या डोळ्यांशी. मधलं कापड ऊनपाऊस खाऊन उलट घट्ट होतं. मी बाजारातून प्लास्टिकची पन्नी आणून दाखवली, स्वस्तात होईल म्हणून. त्यांनी ती दोन हातांत ताणून वाऱ्यात धरली, फडफडू दिली आणि मला परत दिली. घरी जाईपर्यंत तिला चीर गेली होती. पँटला कंबरेपासून गुडघ्यापर्यंत मांडीवर एकच सलग कापड. शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला आणि मागे. कोटाला पुढे दोन पदर, वरचा पदर पार डाव्या बगलेखाली जाऊन बंद होणारा, म्हणजे वारा त्याला उघडू न शकता दाबून बसवणार. बाहीच्या आत जुन्या मोज्याचं तोंड कापून शिवलेलं, मनगटाला घट्ट. पँटचे पाय बुटांच्या बाहेरून, तळव्याखाली पट्टी. आणि गळ्याला काय? गळ्याला त्यांनी काहीच केलं नाही. "पंचा गुंडाळा," म्हणाले. "पंचा भिजला का पिळा. गळा बंद कराल तं श्वास कुठून घ्याल?" ज्याच्या छातीत पाणी झालं होतं त्याला हे कुणीतरी सांगायला हवंच होतं.

सगळ्यावर अळशीचं उकळलेलं तेल आणि मेण, दोन हात, आणि प्रत्येक हातानंतर आठ-आठ दिवस सावलीत टांगून ठेवणं. "घडी करायची नाही," अशी सक्त ताकीद. "घडी केली का चिकटते, आन् ढीग करून ठेवला तं आतल्या आत तापून पेट बी घेते. बायकोसारखं जपू नका, पाव्हन्यासारखं जपा, खुंटीवर." त्यांची बायको तिथेच बसून ताडपत्रीच्या डोळ्यांत दोरी ओवत होती. तिनं दाभण उगारलं. नागपूरच्या एका कोटाच्या किमतीत असे चार झाले असते.

कोट वजनाला कोकरासारखा होता, पण पहिल्या सरीत मी किरनापूरच्या पुढे एका गावी गेलो आणि छाती, मांडी, मनगट सगळं कोरडं घेऊन उतरलो. मला नाचावंसं वाटत होतं. त्याच आनंदात मी एका बैलाला इंजेक्शन द्यायला वाकलो. मागे कुणीतरी कोट ओढतंय असं वाटलं. शेतकरी बाजूला व्हायला सांगत असेल, असं समजून मी "थांबा हो" म्हटलं. ओढणं वाढलं. वळून बघतो तर शेजारच्या खुंट्याची गाय माझ्या कोटाची मागची कड हातभर तोंडात घेऊन डोळे मिटून चघळत होती. अळशीची ढेप, म्हणजे पेंड, ही गुरांची मेजवानी, हे मी कॉलेजात शिकून पास झालो होतो. शेतकरी हसून हसून खाली बसला. "डाक्टर साहेब," म्हणाला, "तुमी ढेप नेसून काहून आले जी?"

परत येऊन कोट दाखवला तेव्हा मिस्त्री हसले नाहीत. मी त्यांना असं खजील झालेलं त्यानंतर कधी बघितलं नाही. ते ओंडक्यावर बसले आणि चावलेली कड हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. "ट्रकले गाय चाटत नाही," ते पुटपुटले. "मले सुचलंच नाही. तुमाले रोज जनावरात जायचं हाय आन् मी तुमाले ढेप लावून पाठवलं." मी म्हटलं, अहो, मला डॉक्टर असून सुचलं नाही. ते त्यांना पटलं नाही. त्यांच्या मते गुरांचं मला कळत नसेल तर ते माझं आणि सरकारचं, कोटाचं त्यांचं. त्यांनी कड बदलली आणि वरून करंजाच्या तेलाचा एक हात दिला. ते कडूजहर तेल लागल्यावर एकाही जनावरानं मला चाटलं नाही. माणसंही जरा लांबूनच बोलायला लागली.

दर पावसानंतर मी चिंचेखाली थांबायचं, असा नियम झाला. कोट कसा आहे, असं ते कधी विचारत नसत. विचारून कळतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते डावा हात पुसत, "हात लावू का जी?" म्हणत, आणि मी हो म्हटल्यावर हात आत घालून छाती बघत. मग "कोरडं हाय" म्हणत किंवा काहीच न म्हणता दाभण उचलत. ते स्वतः मात्र पावसात उघडेच असत, डोक्यावर पोत्याची खोळ, बस्स. तुम्ही स्वतःला एक कोट का शिवत नाही, असं मी एकदा विचारलं. "मले ओलं व्हाव लागते," म्हणाले. "कोरड्या मानसाले गळती सापडत नाही."

"हात लावू का" हा मला त्यांच्या धंद्याचा रिवाज वाटायचा. कोटाच्या दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस मी तिथे असताना एक ड्रायव्हर भिजून आला. मिस्त्रींनी त्यालाही तसाच कोट करून दिला होता. त्यांनी त्याला काहीच विचारलं नाही. सरळ गळ्यातून हात घातला, पोटावर एक चापटी मारली आणि "सूखा है बे, भाग!" म्हणून हाकललं. त्यानंतर माझ्याकडे वळले, हात पुसला आणि म्हणाले, "हात लावू का जी?"

तेव्हा मला कळलं. मिस्त्री मेश्राम, बौद्ध; त्यांच्या दुकानात बल्लीला बाबासाहेबांचा फोटो होता, तो मी वर्षभर बघत होतो. आणि मी कोण, हे त्यांना माझं नाव ऐकल्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, त्याला विचारलं नाही, मग मला काहून विचारता?" ते मेणाचा गोळा दोऱ्यावर फिरवत राहिले. "इचारलेलं बरं असते जी," म्हणाले. "एखाद्याले चालत नाही. मंग त्याले बी वाईट वाटते, मले बी." मी म्हटलं, मला चालतं, पुढच्या वेळेपासून विचारू नका. ते "हौ जी" म्हणाले आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारलं.

त्यांचं बरोबर होतं, हे मला माझ्याच घरात कळायचं होतं. आई ऑगस्टमध्ये आली, मला घेऊनच जाते असं ठरवून. त्याच आठवड्यात मिस्त्री पावसात माझ्या खोलीवर आले, बाहीचा मोजा बदलून कोट द्यायला. आईनं चहा केला. तो तिनं कोनाड्यातल्या एका कानतुटक्या कपात दिला, पायरीवर. मिस्त्रींनी तो उभ्यानं प्याला, पन्हाळीच्या पाण्याखाली कप विसळला आणि पायरीवर पालथा ठेवून गेले. मी बघत होतो. आज इतक्या वर्षांनी कागदावर लिहायला धीर होतोय, त्या दिवशी तोंड उघडायला झाला नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी लांजीकडून निरोप आला की गलघोटू, म्हणजे घटसर्प, सुरू झाला आहे, तीन गावांत म्हशी पडायला लागल्या आहेत. पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. आईनं दाराला पाठ लावली. "जायचं तर मला बाजूला ढकलून जा," म्हणाली. साहेबांना मी जमत नाही असं लिहून दिलं असतं तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं, नोकरीही आणि भांडणही. मी तो कोट अंगात चढवला, पंचा गळ्याला गुंडाळला आणि तिला म्हटलं, "संध्याकाळी माझ्या छातीला हात लावून बघ. ओली असली तर उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याबरोबर आर्वीला येतो." ती बाजूला झाली, पण माझ्याकडे बघत नव्हती.

त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही, पाणी आठवतं. तीन गावं, दोनदा बंद पडलेली गाडी, ओढ्यात धरलेली म्हैस, आणि परतीच्या वाटेवर समोरून येणारा पाऊस. मांडीत तळं साचत होतं आणि गुडघ्यावरून बाहेर सांडत होतं, जसं त्यांनी ठरवलं होतं तसंच. दिवेलागणीला दारात उतरलो. आईनं कोटाच्या गळ्यातून हात आत घातला. तिचा हात छातीवर किती वेळ होता कोण जाणे. मग ती आत गेली आणि मला तिचं रडणं ऐकू आलं. आर्वीची गाडी तिनं एकटीनं पकडली. जाण्याआधी मिस्त्री पुन्हा आले होते तेव्हा तिनं त्यांना ओसरीवर पाट दिला, बसा म्हणाली, तुमच्यामुळे मुलगा राहिला म्हणाली. कप मात्र तोच होता. ती गेल्यावर मी तो फोडला, आणि ते फारच सोपं होतं.

त्यानंतर मिस्त्री आले की आम्ही आत बसून चहा घ्यायचो. माझी नोकरी पक्की झाली, छाती पक्की झाली. कोटाला दर मेमध्ये तेलाचा एक हात बसत होता. आणि पावसानंतर चिंचेखाली प्रश्न तोच, "हात लावू का जी?" मी कंटाळून "लावा हो लावा" म्हणायचो. ते तरी थांबून माझ्या तोंडाकडे बघूनच हात पुढे करत.

बदली रायपूरला झाली ती जुलैच्या मध्यात. सामान आधी गेलं होतं. मोटारसायकल गोंदियाला रेल्वेत चढवायची होती. निघताना चिंचेखाली गेलो तर दुकान रिकामं. बायको म्हणाली, पहाटेच एक ड्रायव्हर घेऊन गेला, गाडी कुठेतरी अडकलीय. न भेटता जावं लागतंय याची चुटपुट घेऊन मी निघालो. पाऊस धो धो. राजेगावच्या नाक्यावर धानाचा एक ट्रक उभा होता, ताडपत्री मधोमध फाटलेली, आणि वर पोत्यांवर गुडघे टेकून कुणीतरी उंच माणूस दाभण रेटत होता. खोळ वाऱ्यानं उडालेली, शर्ट अंगाला चिकटलेला.

मी खालून हाक मारली. त्यांनी दाभण ताडपत्रीत खोचलं, दोरीवरून उतरले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. अंगातून पाणी निथळत होतं. मी काहीबाही बोलायला लागलो, येत जा, पत्र टाकीन, असं. त्यांनी ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. बगलेखालचा पदर त्यांनी स्वतः सोडवला, डावा हात आत घातला आणि माझ्या छातीवर ठेवला.

"कोरडं हाय," म्हणाले. "जा आता, गाडी चुकन."

पदर पुन्हा नीट बसवून त्यावर थोपटलं आणि ते दोरी धरून वर चढले. मी नाका ओलांडला तेव्हा आरशात त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. नंतर आमची भेट झाली नाही.

गोंदियाच्या फलाटावर मी कोट काढून खुंटीसारख्या एका खिळ्याला टांगला. खाली बघितलं तर शर्टावर डाव्या बाजूला पाच बोटं आणि तळहात, ओला ठसा, स्वच्छ उमटलेला. त्यांचा हात पुसायला कोरडं धोतर कुठे होतं? बाकी सगळा शर्ट सकाळी घातला तसा होता. मी तिथे उभा राहून तो ठसा वाळताना बघत होतो, आणि तो जवळजवळ वाळत आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज त्यांनी विचारलं नव्हतं.